आठव्या वचनापर्यंत

शांतवन एकोणीस वर्षं कोरेगावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. ते निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, मग काचबिंदूनं डोळ्यांतला उजेड थोडा थोडा करत सगळाच नेला आणि ते मिरजेला लेकीच्या घरी येऊन राहिले. दीपमाला तिथल्याच एका दवाखान्यात सिस्टर होती. घरात दोघंच. सकाळपाळी असली की ती दुपारी तीनपर्यंत यायची, वडिलांच्या डोळ्यांत थेंब घालायची, चहा ठेवायची आणि मग त्यांना बायबल वाचून दाखवायची.

कोरेगावकर त्यांना विसरले नव्हते. ईस्टरच्या पहाटे तिथल्या कबरस्थानात उपासना व्हायची आणि त्या दिवशीचा उपदेश जुन्या पाळकसाहेबांचाच, हे ठरून गेलं होतं. यंदाही मंडळीचे सेक्रेटरी मानसिंग यांचा फोन आला. येतो म्हणून सांगून पाळक लेकीला म्हणाले, "मार्कचं शुभवर्तमान काढ, दीपा. सोळावा अध्याय."

तिनं वाचायला घेतलं. तिघी बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडं जातात, तोंडावरचा धोंडा बाजूला झालेला दिसतो, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला असतो. येशू इथं नाही, तो उठला आहे, असं तो सांगतो. बाया थरथरत बाहेर पळतात आणि भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत.

"थांब," पाळक म्हणाले. "हे आठवं वचन ना?"

"व्हय. अजून बारा राहिलीत की."

"ती मागनं कुणीतरी जोडलीत. हातानं लिहिलेल्या जुन्यातल्या जुन्या प्रतींत मार्क इथंच संपतो. खाली बारीक अक्षरात टीप असंल बघ."

टीप होती. एवढी वर्षं तेच पुस्तक हाताळून दीपमालाची नजर कधी तिच्यावर ठरली नव्हती.

"मग फुडं काय झालं?"

"मार्क सांगत न्हाई. बाकीची तीन शुभवर्तमानं सांगत्यात, पण एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरंच. कुणी म्हणतो शिष्यांना तो गालीलात भेटला, कुणी म्हणतो यरुशलेमेत. आणि ही सगळी लिखाणं तो गेल्यावर चाळीस-पन्नास वर्षांनी झाली. बघितलेलं कुणी राह्यलं असंल, नसंल."

"तुमाला हे कवा कळलं?"

"पाळकीच्या कॉलेजात. ब्याऐंशी साली. आमच्या मास्तरांनी शिकवलं, परीक्षेलाबी आलं. पेपर लिहिला, पास झालो आणि मंडळीत आल्यावर ते गुंडाळून ठेवलं."

ते हे सगळं शांतपणे बोलत होते. हातातला कप निवत चालला होता. दीपमालानं पुस्तक मिटलं.

चार वर्षांमागं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा मुलगा जयराज गेला होता. बावीस वर्षांचा. ती स्वतः त्याच दवाखान्यात ड्युटीवर असूनही शेवटच्या दोन दिवसांत तिला त्याच्या वॉर्डात जाऊ दिलं नाही. पिशवीची चेन लावून त्याला बाहेर आणला आणि तोंड बघायची परवानगी मिळाली नाही. खड्ड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर तिला उभं केलं होतं. शेजारी वडील होते, तोंडावरचा मास्क खाली ओढून मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होते, कारण माती टाकणाऱ्यांपर्यंत आवाज पोचत नव्हता. प्रार्थना संपल्यावर ते तिच्याकडं वळून म्हणाले होते, "तू त्याचं तोंड बघशील दीपा. ख्रिस्त उठला तसा जयराजबी उठंल. हे मी तुला देवाचा सेवक म्हणून सांगतो."

त्या एका वाक्यावर ती परत कामावर गेली होती. त्या वाक्यावर तिनं जयराजचे कपडे देऊन टाकले होते.

"पप्पा," ती म्हणाली, "जयराजच्या मातीला उभं होता, तवा तुमाला हे ठाऊक होतं?"

पाळकांनी कप चाचपत खाली ठेवला. "होतं."

"आणि तरी मला म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

"तू पडशील असं वाटलं. मला तवा तेवढं दिसत हुतं." ते तिच्या आवाजाकडं वळले. "येशू होता, दीपा. गालीलातल्या एका खेड्यातला, सुताराच्या घरातला. गरिबांत बसला, जेवला. त्याला क्रुसावर मारलं, मरताना देवानं मला का टाकलं म्हणून तो ओरडला. तिथवर माझ्या पायाखाली जमीन हाय. तिथनं फुडं मला वाटत आलंय, पण ठाऊक कधीच नव्हतं. वाटण्याला मी ठाऊक हाय म्हणत गेलो, चाळीस वर्षं."

"मग आता तरी कशाला सांगितलंत?"

"आता तू वाचून दाखवतीस. तुझ्या तोंडनं ते ऐकायचं आणि गप बसायचं, मला लाज वाटाय लागली."

दीपमाला उठून मोरीत गेली आणि कप घासत बसली. घासलेला कप तिनं परत घासला. असलं खोटं तिला नवं नव्हतं. वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या पेशंटच्या आयांना तिनं स्वतः किती वेळा सांगितलं होतं, झोपेतच गेला, त्रास नाही झाला. पण त्या परक्या होत्या. आपल्या माणसाला ती कधी असं बोलली नव्हती.

त्यानंतर दोन आठवडे तिनं वाचून दाखवलं नाही. थेंब घातले, ताट वाढलं, औषधं दिली. पाळकही वाच म्हणाले नाहीत. दुपारभर खिडकीकडं तोंड करून बसायचे, जसं काही दिसत असावं.

शनिवारी दोघं रेल्वेनं कोरेगावला निघाले. डब्यात गर्दी नव्हती. किर्लोस्करवाडी मागं पडल्यावर पाळक म्हणाले, "उद्या खरं सांगावं म्हणतोय. एकदा तरी."

दीपमाला बाहेर बघत होती. तोडणी झालेल्या उसाची रानं काळी पडली होती.

"हरणाबाईची सृष्टी गेली हाय फेब्रुवारीत," ती म्हणाली. "कावीळ झाली हुती. एकोणीस वर्षांची पोर. मानसिंगभाऊंनी फोनवर सांगितलंय मला. हरणाबाई फुडंच बसंल उद्या. तिच्यासमोर बोलणार तुमी हे?"

पाळकांनी खिडकीची दांडी धरली.

"मला सांगितलंत, ते माझ्याजवळ राहू द्या. तिला नका सांगू."

पुढचं स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "बरं."

पहाटे कबरस्थानात मंडळी जमली. प्रत्येक कबरीवर मेणबत्ती होती, वाऱ्यानं विझली की कुणीतरी परत लावत होतं. सृष्टीच्या कबरीची माती अजून खचलेली नव्हती, फरशी बसवायची राहिली होती. हरणाबाई तिथंच बसली होती, पदर तोंडावर घेऊन.

दीपमालानं वडिलांना दंडाला धरून पुढं आणलं. आणि पाळकांनी उपदेश केला. कोरेगावकर अजूनही म्हणतात, तसा उपदेश त्यांनी आयुष्यात केला नव्हता. धोंडा कसा लोटला गेला, मरणाची नांगी कशी मोडली, माळ्यासारख्या दिसणाऱ्या येशूनं मरीयेला नावानं हाक कशी मारली. पेंगणारे म्हातारेसुद्धा ताठ बसले. हरणाबाईनं पदर खाली घेतला. तिच्या तोंडावरचा ताण हळूहळू सैल होत गेला.

दीपमाला वडिलांच्या शेजारीच उभी होती. ती आवाज ऐकत होती, शब्द तिच्या अंगावरून जात होते. त्यांचा दंड तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

उपासना सुटल्यावर हरणाबाई येऊन तिच्या गळ्यात पडली. "तुजा जयराज आन् माजी सृष्टी," ती म्हणाली, "परत गावत्यात बघ आपल्याला. पाळकसायेब सांगत्यात ते खोटं व्हायचं न्हाई. व्हय का न्हाई गं?"

दीपमालानं तिच्याकडं बघितलं.

"व्हय, मावशी," ती म्हणाली.

परतीची गाडी सांगलीला आली. मग पाळक म्हणाले, "परत तेच केलं मी."

"मी सांगितलं म्हणून केलंत. आता ते माझ्याबी अंगावर हाय."

त्या दिवसापासून ती त्यांना परत वाचून दाखवू लागली. तिला राग उरला नव्हता असं नाही. पण ज्या जागी राग होता तिथं आता तीही होती, आणि एकट्या त्यांच्यावर रागावणं तिला जमेना.

दिवाळीनंतर पाळकांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात जायला ते तयार नव्हते, तिनंही फार ओढलं नाही. शेवटच्या दुपारी श्वास जड झाला होता, शुद्ध मात्र होती. ती कॉटच्या कडेला बसून त्यांचे ओठ ओल्या कापसानं टिपत होती.

"दीपा," ते म्हणाले. "तुला काय वाटतं? भेटतील का ती? तुझी आई, जयराज?"

हरणाबाईला तिनं 'व्हय' हा एकच शब्द दिला होता. तोच शब्द तिच्या जिभेवर आला. तिनं वडिलांच्या तोंडाकडं बघितलं, त्या काहीच न दिसणाऱ्या डोळ्यांकडं, आणि तिला तो उच्चारता आला नाही. नाही असंही म्हणता आलं नाही. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतनं हात फिरवत राहिली.

पाळक वाट बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, ती खोटं बोलणार नव्हती.

"बरं केलंस," ते म्हणाले.

सव्वाचारला ते गेले. दीपमालानं त्यांचं तोंड पुसलं, आणि कुणाला बोलवायच्या आधी किती तरी वेळ ते बघत बसली.