एकाखाली एक दोन नावं

मी फळा बोलतोय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. आजवर ज्याला जे सुचलं ते त्यानं माझ्यावर लिहिलं आणि मी मुकाट्यानं लिहू दिलं. आता मात्र माझं डोकं फिरलं आहे.

भवानी पेठेतल्या एका सुतारानं मला तयार केलं. चौकट सागवानी, आतून मी साधा प्लायवुड. शनिवार पेठेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सलिल सरांनी नवा क्लास काढला होता, तिथे मला भिंतीवर चढवलं. तेव्हा पुण्यात जो तो अमेरिकेला निघाला होता. ज्याच्या घरातून कुणीच निघालं नव्हतं, तो शेजाऱ्यांशी बोलताना विषय बदलायचा. कंपनीत लागलेली पोरं एमबीएसाठी जीमॅटची परीक्षा द्यायची. तिच्यात सेंटेन्स करेक्शन नावाचा प्रकार असे. एकच वाक्य पाच तऱ्हांनी लिहिलेलं, त्यातली बिनचूक तऱ्हा ओळखायची.

हा विषय शिकवायच्या श्यामलाबाई. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला तिखट. तुलनेची वाक्यं आली की भलेभले इंजिनिअर आपटायचे. मग बाई त्यांना माझ्यापाशी बोलवायच्या आणि वाक्यात कशाची तुलना कशाशी केली आहे, ते खडूनं बाण काढून दाखवायला लावायच्या. बाण भलतीकडे गेला की म्हणायच्या, "वा! आपण कंपनीत प्रोग्रॅम लिहिता ना? चालतात का ते?" पोरं हसायची आणि बाण पुसून नवा काढायची.

अशाच एका बॅचला श्रद्धा आली. वाशिमची, मराठी माध्यमातली. रात्रभर कॉल सेंटरमध्ये परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खायची आणि सकाळी कंपनीच्या सुमोतून उतरून थेट क्लासला यायची. तिला एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती, पण परीक्षेत चांगले गुण हवे होते आणि अर्जाची मुदत जवळ आली होती. त्याच वर्षी जमलं तर जमणार होतं.

पहिल्यांदा माझ्यासमोर आली तेव्हा तिनं बाण काढला आणि लगेच पुसून टाकला. बाई म्हणाल्या, "इंग्रजी राहू दे. मराठीत एक तुलना सांग."

"आमच्या वाशिमचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक असतो."

"उन्हाळ्याची तुलना शहराशी?"

"बाई, आमच्याकडे तर सगळे असंच बोलतात नं!"

"आमच्याकडेही बोलतात. समोरचा ओळखीचा असतो, समजून घेतो. पेपर काढणारा आपल्या ओळखीचा नाही. उन्हाळ्यासमोर उन्हाळाच ठेवायचा."

श्रद्धानं वाक्य पुन्हा लिहिलं, 'पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षा', आणि एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बाण काढला. पहिल्या बाकावरून तनयानं टाळी वाजवली. तनया पेठेतलीच, इंग्रजी फर्डं, क्लासात कायम पहिली. त्या दिवसापासून तिनं श्रद्धाला आपल्या शेजारी बसवलं. श्रद्धा डुलक्या घ्यायला लागली की तनया तिला कोपरानं ढोसायची आणि डब्यातला अर्धा पराठा तिच्यापुढे सरकवायची. त्यांच्याकडे बघून मला बरं वाटायचं, हे रागातसुद्धा कबूल करतो.

पण दर सोमवारी सलिल सर यायचे. सराव परीक्षेचे गुण माझ्यावर लिहायचे, नावं वरपासून खालपर्यंत एकाखाली एक. सगळ्यात वर तनया, सगळ्यात खाली श्रद्धा. सर छडी टेकवून म्हणायचे, "बघा, तनया बघा आणि ही बघा. क्लास एक, वर्ग एक, बाई एक. मग फरक का?"

फरक का! रात्रभर जागून आलेल्या पोरीला विचारताय, फरक का! मला तोंड असतं तर तिथेच ऐकवलं असतं.

शेवटी सरांनी सांगून टाकलं, "पुढच्या सोमवारीही खालीच राहिलीस तर रिपीट बॅचला जायचं." ती बॅच सुरू होणार होती अर्जाची मुदत संपल्यावर. श्रद्धानं वही मिटली. बाई मात्र उठल्या.

"अहो सलिल, मी तुलना शिकवते ना इथे? मग तुमचा हा बाण चुकला आहे. ही झोपून येते, ती जागून येते. दोघी एका मापात कशा बसतील?"

"बाई, आपण वाक्यं सुधारा. माणसं मी बघतो."

"हिला हलवलंत तर उद्यापासून वाक्यंही तुम्हीच सुधारा."

बाईंना सोडणं सरांना परवडणारं नव्हतं, म्हणून श्रद्धा बॅचमध्ये राहिली. पुढचे सगळे दिवस बाई, तनया आणि श्रद्धा क्लास सुटल्यावरही माझ्यापाशी थांबायच्या. खरी परीक्षा झाली. श्रद्धाला शिष्यवृत्तीपुरतेच काय, त्याहून कितीतरी जास्त गुण पडले. तनयाला तिच्यापेक्षा कमी पडले.

आणि सर आनंदानं वेडेच झाले. त्यांनी मला स्वच्छ पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पहिली: श्रद्धा. दुसरी: तनया.' पालकांना बोलावणी गेली. तनयाचे वडील, माधवराव, सगळ्यांच्या आधी आले. माझ्यासमोर उभे राहून लेकीला म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच. वाशिमहून आलेली, रात्रभर फोन उचलणारी मुलगी. आणि तू? तुला काय कमी केलं होतं आम्ही?"

तनयानं खरंच वाचलं. मोठ्यानं.

श्रद्धा दारात होती, हातात पेढ्यांचा बॉक्स. ती तशीच पुढे आली आणि ओढणीच्या टोकानं तिनं दोन्ही नावं पुसून टाकली.

सर म्हणाले, "अगं, हे काय? अभिमान वाटायला हवा तुला!"

"सर, इतके दिवस हिचं नाव दाखवून मला खाली बघायला लावलं तुम्ही. आता माझं नाव दाखवून हिला लावता? हिनं शिकवलं म्हणून पास झाली मी."

ती तनयाकडे वळली. पण तनया तिच्या शेजारून निघून जिना उतरत होती. श्रद्धानं हाक मारली. तनयानं मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी पेंटर बोलावला. "आता पुसून दाखवा," म्हणाले आणि तीच दोन नावं माझ्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं काढून घेतली. फळ्यावर ऑइल पेंट! खडूनं लिहिलेलं पुसता येतं म्हणून तर फळा असतो, एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या माणसाला कळू नये? श्यामलाबाई आल्या, माझ्याकडे पाहिलं, टेबलावर वर्गाची किल्ली ठेवली आणि निघून गेल्या. वर्गाला नवा फळा आला. मला जिन्यात टांगलं.

श्रद्धा अमेरिकेला गेली. जाण्याआधी दोनदा क्लासात येऊन तनयाची चौकशी करून गेली, पण भेट झाली नाही. तनयाला पुन्हा परीक्षा द्यायची होती, म्हणून वडिलांनी तिला त्याच क्लासला घातलं होतं. ती रोज तो जिना चढायची, माझ्याकडे पाठ आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून. पावसाळ्यानंतर तिचं येणं थांबलं. पोरांना क्लासला घालायला आलेले आईबाप मात्र माझ्यापाशी हमखास थांबायचे आणि बोट दाखवायचे.

पुढे क्लास बाणेरच्या काचेच्या इमारतीत गेला आणि मी जुन्या बाजारात आलो. आता एका मोडक्या कपाटाला टेकून उभा आहे. मघाशी एक बाई लेकाला घेऊन आल्या. मुलाला अभ्यासाला फळा हवा होता. नावं वाचून म्हणाल्या, "अगंबाई, छान आहे की! राहू द्या हे असंच. याला रोज दिसेल."

बाई, पाया पडतो. आधी सँडपेपर घ्या आणि मला खरवडा. माझं प्लायवुड सोलून निघालं तरी चालेल, पण ती दोघींची नावं तुमच्या लेकराच्या समोर टांगू नका.