शून्यावरची सुई

मिस्त्रींनी हँडल इंजिनाच्या तोंडात बसवले, पाय रोवले आणि आणखी वीस फेरे दिले. स्पार्क प्लग काढून ठेवलेले असल्यामुळे इंजिन निमूटपणे फिरत होते. मोकळ्या भोकांतून फुसफुस श्वास तेवढा बाहेर पडत होता. विसावा फेरा संपताच त्यांनी मान वर केली.

"काय म्हणते?"

"शून्य," गाडीत बसून तेलाच्या दाबाच्या घड्याळाकडे पाहणारी त्यांची लेक म्हणाली.

गाडीचे मालक, निवृत्त हेडमास्तर, गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसले होते.

"मघापासून डोळ्यांत तेल घालून बसलोय," ते म्हणाले. "सध्या तरी तेवढंच तेल दिसतंय."

एरवी मास्तरांच्या अशा बोलण्याला मिस्त्री मनमुराद दाद देत. आज त्यांनी नुसता घाम पुसला.

तेलाचा दाब म्हणजे इंजिनाचे रक्ताभिसरण, असे ते गिऱ्हाइकांना समजावून सांगत आले होते. पंप तळातले तेल ओढतो आणि बेअरिंगांना पोचवतो. ते पोचल्याची ग्वाही ती सुई देते. सुई हललेली नसताना इंजिन सुरू करणे म्हणजे चार महिन्यांच्या कष्टांवर पाणी सोडणे होय. तथापि मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता तो केवळ इंजिनासाठी नव्हे.

गेल्या वर्षी एका गाडीच्या चाकाचे नट त्यांनी नुसते बोटांनी फिरवून सोडून दिले होते. ते चाक वळणावर निखळले. आतली माणसे थोडक्यात वाचली. त्यानंतरही दोनदा असेच काहीबाही राहून गेले. लेक त्यांना एका शब्दाने बोलली नाही, फक्त प्रत्येक गाडी बाहेर पडण्याआधी स्वतः तपासू लागली. आणि ते न बोलणेच त्यांना अधिक लागले. अखेर एके दिवशी त्यांनीच विषय काढला. मास्तरांच्या जुन्या गाडीचे इंजिन आपण एकट्याने बांधायचे, त्याला कोणी बोट लावायचे नाही. ते धड चालले तर पूर्वीप्रमाणे काम करायचे. नाही तर पाना कायमचा खाली ठेवायचा. लेकीने ते मान्य केले होते.

त्यांनी पुन्हा वीस फेरे दिले. सुई जागची हलली नाही.

मग त्यांना ती गोळी आठवली. इंजिनाच्या कुशीला एक झडप असते. तिच्यात वाटाण्याएवढी पोलादी गोळी आणि गोळीवर स्प्रिंग. गोळी नसेल, तर पंपाने ओढलेले सारे तेल तिथूनच परत तळाशी जाते. मिस्त्रींनी डोळे मिटले. गोळी रॉकेलात धुतलेली आठवली. स्प्रिंग मोजलेली आठवली. परंतु गोळी आत सोडताना बोटांना होणारा तो गार स्पर्श त्यांनी कितीही शोधला, तरी सापडेना. तेवढ्या जागी काहीच नव्हते.

कटर घेऊन ते इंजिनापाशी गुडघ्यांवर बसले. झडपेचे टोपण सैल होऊ नये म्हणून त्याला तारेचा पीळ दिलेला होता. कटरचे तोंड उघडून त्यांनी ते तारेला लावले आणि हात थांबला.

सारी हयात त्यांनी असे पीळ दिले होते. उजव्या हाताचा पीळ एका बाजूला वळतो, डाव्या हाताचा दुसऱ्या. हा दुसऱ्या बाजूला वळला होता. त्या गॅरेजात डावखुरे माणूस एकच होते.

"बाबा, झडप उघडताय?" लेकीने आतून विचारले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "झडप बरोबर आहे."

गोळी आत आहे, हे त्यांना आता ठाऊक होते. ती आपण घातलेली नाही, हेही.

उठल्यावर त्यांचे डोके एकाएकी स्वच्छ चालू लागले. रेडिएटर उशिरा आला, म्हणून बांधलेले इंजिन महिनाभर नुसते पडून होते. पंपातले तेल तेवढ्यात निथळून गेले असणार आणि कोरडा पंप तेल पकडत नाही. त्यांनी घड्याळाकडे जाणारी तांब्याची बारीक नळी इंजिनापासून सोडवली, त्या भोकाला तेलाच्या कुप्पीची चोच लावली आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागे ढकलायला सांगितले. लेकीने आणि मास्तरांनी जोर लावला. इंजिनाबरोबर पंपही उलटा फिरला आणि त्याने कुप्पीतले तेल घटघट आत ओढले.

मास्तरांना धाप लागली होती. या गाडीने उभ्या आयुष्यात आपल्याला पुष्कळ ढकलायला लावले, पण मागे मात्र पहिल्यांदाच, असे ते म्हणाले.

नळी जोडून मिस्त्रींनी हँडल धरले. सातव्या फेऱ्याला ते जड लागू लागले.

"हलली," लेक म्हणाली. मग जरा थांबून, "दहा. वीस."

प्लग बसवले. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झाले आणि संथ लयीत चालू लागले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आपल्या एका मित्राकडे याच वयाची गाडी धूळ खात पडली आहे, तीही मिस्त्रींच्याच हातची हवी, असा त्यांनी आग्रह धरला.

"करतील की बाबा," लेक म्हणाली.

"गाडी आणा," मिस्त्री म्हणाले. "पण बांधेल ही."

मास्तर हात धुवायला नळाकडे गेल्यावर ती गाडीतून उतरून त्यांच्यापाशी आली.

"असं नव्हतं ठरलं, बाबा. इंजिन तुम्ही एकट्यानं बांधलंत. चालतंय."

"एक गोळी सोडून."

तिने डावा हात फडक्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"आणखी काही होतं?" त्यांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. उत्तर यायला अंमळ वेळ लागला होता.

मिस्त्रींनी मान हलवली. फळीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी त्याचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि बेअरिंगांचा आवाज बराच वेळ ऐकला. नंतर टोक तिथेच ठेवून त्यांनी मूठ तिच्याकडे कलती केली.

"मला तर चांगलं वाटतंय," ते म्हणाले. "तू ऐक."