हळू चालण्याच्या शब्दांची वही

मित्रांनो, माझी पानं पिवळी पडली आहेत आणि दोन कोपरे वाळवीने खाल्ले आहेत. तरी माझ्यातले शब्द अजून वाचता येतात. मी एक जुनी वही आहे. माझी गोष्ट सांगते. ती फार सुखाची नाही, पण तुम्ही शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म १९४३ सालचा, बेळगावातला. लढाई चालू होती आणि चांगला कागद मिळत नव्हता. भरमू नावाच्या बाइंडराने हाताला लागेल तो जाडाभरडा कागद गोळा केला, दोऱ्याने शिवला, जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे लावले आणि पाठीवर शहापुरी लुगड्याचा लाल काठ चिकटवला. त्या काठामुळे मी दुकानात उठून दिसत असे. मला त्याचा थोडा गर्वही होता.

मला घेतलं गुणाबाईने. ती वडगावची, विणकराच्या घरची. सूत मिळेना म्हणून तिच्या नवऱ्याचा, भावकूचा, माग बंद पडला होता. म्हणून पंचेचाळिशीच्या गुणाबाईने बेळगावच्या एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. औषधांची नावं लिहून ठेवावीत म्हणून तिने मला घेतलं, पण तिने माझ्यात एकही औषध लिहिलं नाही.

त्या दिवसांत कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंड देशातल्या निर्वासितांची छावणी होती. तिथून एका बाईला पायाच्या शस्त्रक्रियेसाठी बेळगावला आणलं होतं. तिचं नाव हालिना. वय तिशीचं, पण केस पिकलेले. लढाईत तिला रशियात नेलं होतं; तिथल्या बर्फात तिच्या पायाची बोटं गेली होती आणि जखम पुन्हा पुन्हा चिघळत होती. ती कुणाशी बोलत नसे. तिच्या उशाशी एक छोटा इंग्रजी शब्दकोश असे. औषधाच्या पुड्यांच्या कागदावर ती त्यातले शब्द उतरवत बसे.

गुणाबाई तिला रोज व्हरांड्यात चालवायची. "हळू, पोरी, हळू," असं म्हणायची. एकदा हालिनाने थांबून विचारलं, "हळू? व्हॉट हळू?"

आता सांगायचं कसं? गुणाबाईने पदर खोचला आणि ती चक्क चालून दाखवू लागली. आधी लंगडली. मग पाय घासत गेली. मग फरशीवर बसून खुरडली आणि शेवटी रांगली. शेजारच्या खाटांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि हालिना हसली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी गुणाबाईने मला तिच्या हातात दिलं. हालिनाने पट्टीने तीन रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात तिची पोलिश, तिसऱ्यात मराठी. तिसरा रकाना गुणाबाई स्वतः लिहायची, जीभ दातांत धरून, मोठ्या गोल अक्षरांत. पोलिश शब्दाखाली त्याचा उच्चारही तीच लिहून ठेवायची. लिंप, कुलेच, लंगडणे. शफल, शुराच, पाय घासणे. क्रॉल, चोवगाच, सरपटणे. ट्रजला पोलिशमध्ये ब्र्नोंच म्हणतात. बर्फातून पाय उपसत जाणं. बेळगावात बर्फ कुठला? गुणाबाईने लिहिलं, 'चिखूल तुडवणे.'

मित्रांनो, मी किती आनंदात होते म्हणून सांगू! मोठे डॉक्टर मला हातात घेऊन म्हणाले, "अशी वही मी पाहिली नाही." गुणाबाई घरी जाऊन भावकूच्या मागे लागायची, "आनि सांगा की, हळू जायाला आनि काय म्हंत्यात?" सकाळी ती धावत यायची. "हालिना, रातच्याला लई सापडल्यात गं!" शब्द मिळाला की हालिनाचा चेहरा उजळायचा. ते पाहायला मिळावं म्हणून गुणाबाई शब्द गोळा करत राहिली.

पण हालिनाला हे शब्द कशासाठी हवे होते, ते आम्हाला डिसेंबरात कळलं.

तिने औषधाचे रिकामे डबे जमिनीवर एकामागून एक ठेवले. ती आगगाडी. एका डब्यात खडूचा तुकडा ठेवला. तो तिचा मुलगा, युरेक, सहा वर्षांचा. रशियातून इराणकडे जाताना गाडी एका स्टेशनवर थांबली. युरेकला शेजारणीजवळ ठेवून ती गरम पाणी आणायला उतरली. पाणी घेऊन वळते तो गाडी सुटलेली. गाडी जोरात नव्हती. माणूस चालतो तेवढ्याच वेगाने निघाली होती. कुणीही चार ढांगांत पकडली असती. पण हालिनाच्या पायांची बोटं तेव्हाच काळी पडली होती. ती गाडीच्या बाजूने खुरडत राहिली. युरेक दारात उभा होता. तिच्या हातातलं भांडं तेवढं त्याच्या हाताला लागलं, आणि मग फलाट संपला.

तिला हरवलेल्या माणसांच्या चौकशीच्या कचेरीला इंग्रजीतून पत्र लिहायचं होतं. दवाखान्यातला कारकून आण्णाप्पा इंग्रजी जाणणारा. त्याने दत्तजयंतीच्या आतच तिचं पत्र लिहून तयार केलं.

"गाडी हळू सुटली, असं लिवलंय. पुरं की," तो म्हणाला. "उद्याच्या टपालात टाकतो."

हालिनाने मान हलवली. गाडी हळू सुटली, तर आईला चढता का आलं नाही, असं ते विचारतील. मुलाला टाकून दिलं असं म्हणतील. गाडीचं हळू वेगळं आणि आईचं हळू वेगळं. तिला दोन नेमके शब्द हवे होते.

"अवो आक्का, तुमी तरी सांगा तिला," आण्णाप्पा गुणाबाईकडे वळला. "शबुद काय, मागनं बी सापडतील."

गुणाबाईने हालिनाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आण्णाप्पा. सापडंल. येवडे थांबलोय, आनि चार दिस."

मित्रांनो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. गुणाबाई ते आयुष्यभर विसरली नाही.

चार दिवसांचा पौष झाला, पौषाचा माघ झाला. हालिना एक शब्द लिहायची आणि खोडायची. गाडी अशी हळू जाते त्याला पोलिशमध्ये व्लेत्स शे म्हणतात, म्हणजे स्वतःला ओढत नेणं. गुणाबाईने त्याला 'रखडणे' लिहिलं. हालिनाला तो शब्द आवडला, पण पत्र इंग्रजीतून जायचं होतं. गुणाबाई कानडीत हळूला म्हणतात तो 'निधान' घेऊन आली, कंग्राळीच्या एका शेतकरी बाईकडून 'मुंगीच्या पावलानं' घेऊन आली. दोघी त्यावर तासन्‌तास बोलत बसायच्या. माझी सत्तेचाळीस पानं भरली. शेवटी शिमगा झाल्यावर, मार्चच्या वीस तारखेला, पत्र टपालात पडलं. गाडीसाठी 'क्रॉल' आणि आईसाठी 'ड्रॅग', म्हणजे पाय ओढत जाणं, हे शब्द ठरले होते. ते दोन्ही शब्द माझ्या पहिल्याच पानांवर होते.

उत्तर जूनमध्ये आलं. हालिना त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालली होती. आण्णाप्पाने लिफाफा उघडला, पत्र मनात वाचलं आणि तो खाली बसला.

"वाच की रं," गुणाबाई म्हणाली.

युरेक सापडला होता. इराणातल्या एका अनाथाश्रमाच्या वहीत त्याचं नाव होतं. तो दोन वर्षं तिथे राहिला, शाळेत गेला, आणि मार्चच्या चार तारखेला न्युमोनियाने वारला. त्याच्या नावापुढे आई-बापाची माहिती होती. बाप, बेपत्ता. आई, मयत.

आण्णाप्पाने तो शेवटचा शब्द हळूच वाचला. हालिनाने तो पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. ती रडली नाही. खाटेवर बसून तिने मला उघडलं, पेन्सिल घेतली, बराच वेळ कागदावर टेकवून धरली आणि मला मिटून टाकलं. पोराला आई मेली असंच वाटत राहिलं होतं. पत्र डिसेंबरात गेलं असतं तर? तर निदान आई जिवंत आहे हे त्याला कळलं असतं. कदाचित पत्र वेळेवर पोचलंही नसतं. पण हे 'कदाचित' गुणाबाईच्या काही कामाचं नव्हतं.

आठवड्याने हालिना छावणीत परत गेली. मी खाटेवरच राहिले. ती मला विसरली की मुद्दाम ठेवून गेली, ते मला आजही सांगता येणार नाही.

दिवाळी झाल्यावर गुणाबाई मला कापडात बांधून मोटारीने वळिवड्याला गेली. हालिनाने तिला ओळखलं, खुर्ची दिली, दुधाशिवायचा चहा दिला. गुणाबाईने मला तिच्यासमोर ठेवलं.

"पोरी, मीच तुला अडवलं," ती म्हणाली. "तुजं हसनं बगायचं म्हून मी शबुद आनत बसले. माजंच चुकलं."

हालिनाला एवढं मराठी कळत होतं. तिने गुणाबाईचा हात धरला, पण 'तुझं चुकलं नाही' असं ती म्हणाली नाही. मग म्हणाली, "दोघी. आपण दोघी." आणि मला हाताने परत सरकवलं.

परतताना निपाणीला मोटार बदलायची होती. तिथे बाकावर गुणाबाईने मला ठेवलं आणि मागे न पाहता बेळगावच्या मोटारीत जाऊन बसली. मी मनात म्हटलं, बरं झालं, हिचं ओझं उतरलं. एवढ्यात तंबाखूच्या वखारीतून सुटलेली एक बाई मला घेऊन धावत आली. "ओ आक्का, तुमची वही ऱ्हायली की!" गुणाबाईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला घेतलं. त्या बाईला ती 'बरं झालं बाई' म्हणाली.

तेव्हापासून मी घरातल्या मागाजवळच्या कोनाड्यात आहे. सुताचे दिवस परत आले आणि भावकूने माग पुन्हा सुरू केला. त्याने माझी तीन कोरी पानं पुडी बांधायला फाडली, तर गुणाबाई त्याला ओरडलीही नाही. आता १९४७ साल चालू आहे. छावणी उठणार, ती माणसं जहाजांनी लांबच्या देशांत जाणार, असं आण्णाप्पा परवा सांगून गेला. "भेटायला जायाचं काय, आक्का?" त्याने विचारलं. गुणाबाई सूत उकलत राहिली. "काय तोंड घेऊन जाऊ?" एवढंच म्हणाली. मग तिला खोकला आला आणि आण्णाप्पा उठून गेला.

मित्रांनो, आम्हा वह्यांना जपा, आमची पानं फाडू नका, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी तसं सांगत नाही. माझी पानं हवी तर फाडा. त्यावर तुमच्या माणसाला पत्र लिहा. शब्द चुकला तरी चालेल, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. लिहा आणि आजच्या टपालात टाका. मी वही आहे. माझ्याजवळ दिलेलं मी फक्त धरून ठेवू शकते, ते कुणाकडे पोचवणं मला येत नाही.