कुरणावर पाणी

बबडी चाळिशीला आली तरी घरात बबडीच राहिली. शहरातल्या एका विमा कंपनीत तिनं इतकी वर्षं फोन उचलले होते, की झोपेतसुद्धा ती "कृपया थांबा, आपण रांगेत आहात" असं बडबडायची. शेवटी एक दिवस तिनं राजीनामा दिला, सामान बांधलं आणि ओढ्याकाठच्या घरी येऊन बाबांना म्हणाली, "आपली जागा लग्नसमारंभांना देऊ या."

"इथे?" बाबा म्हणाले. "इथे लग्न करायला घोड्यांशिवाय कोण येणार?"

इथे म्हणजे कुठे, ते सांगायला हवं. मागे टेकड्या. त्यांच्या पायथ्याशी निघालेला ओढा सरळ यायचं सोडून आधी तबेल्याकडे वळतो, मग काहीतरी विसरल्यासारखा माघारी फिरतो आणि कुरणाला अर्धा वळसा घालून आपल्या वाटेनं जातो. त्या वळशाच्या टोकाला एक उंचवटा, आणि उंचवट्यावर वाळुंजाचं म्हातारं झाड. त्याच्या फांद्या पार पाण्याला टेकलेल्या. कुरणाच्या अलीकडे लाकडी कुंपण आणि कुंपणाच्या अलीकडे गवत साठवायचं मोठं कोठार. बबडीनं ते कोठार झाडून घेतलं, तुळयांवरून दिव्यांच्या माळा सोडल्या, गवताच्या गठ्ठ्यांवर चादरी घालून बाकं केली, दुधाच्या जुन्या कॅनमध्ये रानफुलं खोचली. झाडलेली धूळ रोज सकाळी परत येऊन बसायची, तो भाग वेगळा.

बाबांना हे सगळं मुळीच मान्य नव्हतं. ते आयुष्यभर घोडे पाळत आले होते आणि घोड्यांना गोंगाट चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं तर तो त्यांनाच चालत नसे. पण लेकीपुढे त्यांचं फार चालायचं नाही, म्हणून त्यांनी अट घातली. "एक लग्न करून बघ. नीट पार पडलं तर पुढचं बोलू. फजिती झाली तर खुर्च्या परत, माळा खाली, आणि तू आपली शहरात."

शहर म्हटलं की बबडीच्या कानात फोन वाजायला लागायचा. त्यामुळे ती जिवाचं रान करत होती.

पहिली नवरी मिळाली तीही न्यारीच. साठी उलटलेली निवृत्त मुख्याध्यापिका; सगळे तिला बाईच म्हणत. नवरा दातांचे डॉक्टर, अंगानं बारीक, स्वभावानं त्याहून बारीक. बाई जागा बघायला आल्या, कोठाराकडे ढुंकूनही न बघता तडक वाळुंजाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे." विषय संपला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. उद्या वादळी वारा सुटणार असं रेडिओवर सांगितलंय, तेव्हा कुरणाचा नाद सोडून सगळं कोठारातच करू या. बबडी तेव्हा शिडीवर, दातांत सुतळी, हातात माळ. खालून काका चालले होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ओढ्याचा बांध, त्यातली लाकडी फळी, कुठे किती पाणी जायचं, हा सगळा कारभार त्यांचा.

"काका," बबडी वरूनच ओरडली, "कुरणावर पाणी सोडा आता! सगळं कोठारातच करू!"

पुढचं वाक्य दातांतल्या सुतळीत अडकलं. काकांना ऐकू आलं ते पहिलं. काका मनुष्य सरळ. उद्या लग्न आहे, गवत हिरवंगार दिसायला हवं, पोरगी सांगते ते बरोबरच आहे, असा विचार करत ते बांधावर गेले आणि त्यांनी फळी उचलली. चांगली वरपर्यंत उचलली. घरचं कार्य, त्यात हात कशाला आखडायचा?

सकाळी बबडी अंगणात आली. वारा नाही, ढग नाही, आकाश कसं स्वच्छ. आणि कुरणाच्या जागी तळं. घोटाभर पाणी कुंपणापासून उंचवट्यापर्यंत पसरलेलं, त्यात टेकड्या उलट्या उभ्या, आणि मधोमध तीन बदकं, जणू आमंत्रण पहिलं त्यांनाच गेलं होतं. बबडीच्या तोंडचं पाणी पळालं. नाहीतरी तिथे पाण्याची कमतरता नव्हतीच.

"काका! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? तूच म्हणालीस, कुरणावर पाणी सोडा."

"अहो, पाणी सोडा म्हणजे कुरणाचा विचार सोडून द्या!"

"मग विचार सोडा म्हणायचं ना," काका म्हणाले. त्यांनी घाईनं फळी पाडली, पण आलेलं पाणी परत जा म्हटल्यानं थोडंच जातं. बाबा ओट्यावर उभे राहून सगळं बघत होते. मनातल्या मनात ती खुर्च्या मोजून परत पाठवायला लागली होती.

एवढ्यात गाडी आली आणि डॉक्टरांपाठोपाठ बाई उतरल्या. गुडघ्याखाली येणारा फिका निळा झगा, केसांत फूल, हातात छत्री.

"आपण कोठारात करतोय ना," बबडी चाचरत म्हणाली.

"कोणी ठरवलं?"

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागले.

"मी आयुष्यभर भिंतींच्या आत उभी राहिलेय," बाई म्हणाल्या. "लग्न मी त्या झाडाखाली करणार." मग त्यांचं लक्ष कुरणाकडे गेलं. "हा काय प्रकार आहे?"

लपवण्यात अर्थ नव्हता. बबडीनं शिडीपासून फळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्या अशा हसल्या की बदकं उडाली.

"पाणी सोडणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "किती वर्गांना हा प्रश्न घातला मी! पण प्रात्यक्षिक करून दाखवणारे तुम्ही पहिलेच. मात्र काका, 'कुरणाला' आणि 'कुरणावर' यात फरक आहे हं."

"ला काय आणि वर काय, बाई," काका म्हणाले. "पाणी जायचं तिथेच जातं."

"पूर्ण गुण," बाई म्हणाल्या. मग त्या ओट्याकडे वळल्या. "अहो, तुमच्या घोड्यांना पाण्यातून चालता येतं का हो?"

बाबांना हे झोंबलं. "येतं का? अहो, माझे घोडे ओढ्यात वाढलेत! पाणी दिसलं की त्यांना आवरावं लागतं."

"मग आवरू नका."

बाबा ओट्यावरून उतरले. तडक तबेल्यात गेले. बाहेर आले ते गवताची चार चाकी गाडी जुंपूनच. पुढे दोन तांबडे घोडे, दोघांच्या आयाळी विंचरलेल्या. या गडबडीत त्या कधी विंचरल्या, ते त्यांनाच ठाऊक.

पाहुणे जमले. त्यांतले निम्मे बाईंचे जुने विद्यार्थी आणि निम्मे डॉक्टरांचे पेशंट. त्यामुळे रांगेत गप्प उभं राहायची सवय सगळ्यांनाच होती. बाबा एकेक खेप नेत होते. घोडे पाय आपटत, पाणी उडवत चालले होते, गाडीतल्या आजीबाई किंचाळत होत्या आणि पलीकडे उतरल्या की परत एक फेरी मारा म्हणत होत्या. पहिल्या खेपेला बाबा म्हणाले, "गप्प बसा, घोडे बिचकतील." तिसऱ्या खेपेला ते स्वतःच घोड्यांची नावं घेऊन गाऊ लागले. तरणी मंडळी पायताणं काढून, ती बबडीच्या हवाली करून सरळ पाण्यातून निघाली.

उंचवट्यावर सगळे मावले नाहीत. बाकीचे घोटाभर पाण्यातच झाडाभोवती उभे राहिले. डॉक्टरांचा आवाज नेहमी दबका, पण आज त्यांनी "हो" इतक्या मोठ्यानं म्हटलं की टेकडीनं ते परत ऐकवलं. बाईंनी त्यांचा हात धरला आणि पहिल्यांदाच काही सुधारायला सांगितलं नाही. बबडी कुंपणापाशी चिखलात उभी होती. तिथून तिला शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण ती हसत होती.

परतीच्या खेपेला डॉक्टरांची बहीण पुढच्या फळीवर बाबांशेजारी बसली होती. गाडी कुंपणापाशी थांबली, तरी ती उतरेना.

"मालक," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. तिलाही अशीच गाडी हवी, अन् हेच पाणी. द्याल का हो जागा?"

बाबांनी लगाम सैल सोडला आणि घोड्याच्या पाठीवर बसलेली माशी हाकलली.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मी गाडीवाला. मालकीण ती तिकडे चिखलात उभी आहे ना, तिला विचारा."

बबडीच्या दोन्ही हातांत पाहुण्यांची पायताणं होती. डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता, म्हणून ते तिनं तसेच वाहू दिले.

"या!" ती ओरडली. "कधीही या!"