खजुराची बी

यन्नायरच्या संध्याकाळी, म्हणजे गावाकडच्या पंचांगातल्या नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी, इज्जा म्हातारीने सातूची लापशी परातीत ओतली आणि खजुराची बी मुलाच्या बाजूला दडपली. ही सरळसरळ लबाडी होती. बी ज्याच्या घासात येईल त्याच्याकडे वर्षभर कोठाराची किल्ली, असा रिवाज. बी कुठे जाईल ते नशिबाने ठरवायचं. पण इथे परदेशात, रूबे शहरातल्या चौथ्या मजल्यावर, कोठार कुठलं? किल्ली होती ती डोंगरातल्या गावच्या घराची. इज्जाचे गुडघे गेलेले. पुतण्याचा निरोप आला होता, उन्हाळ्यापर्यंत कुणी आलं नाही तर घरात माझ्या शेळ्या बांधतो.

तिचा एकुलता एक मुलगा इद्दर शहरात बस चालवायचा. डेपोत सगळे त्याला दिदिए या इथल्या नावाने हाक मारायचे. त्यानेच तसं सांगितलं होतं.

"एका पडक्या घरासाठी रजा घालवू?" तो जेवायला बसता बसता म्हणाला. "आपण इथले झालो, आई."

"इथले! आणि बसपुढे कुणी आडवं आलं की शिव्या कुठल्या भाषेत देतोस रे?"

"गावच्याच!" त्याची मुलगी तिलिला फिस्सकन हसली.

लापशीच्या मधोमध आर्गन तेलाचं आळं. ज्याने त्याने आपल्या बाजूने खायचं. इज्जाचं सगळं लक्ष मुलाच्या चमच्यावर. परात तळाला लागली तरी बी काही निघाली नाही.

"आजी, टाकायलाच विसरलीस की!"

इज्जाने परात कलती करून पाहिली. गुडघ्यांमागोमाग डोकंही गेलं की काय?

चहा आला. इद्दरने पेल्याला हात लावला नाही. एरवी त्याची टकळी थांबायची नाही, आणि आता नुसतं हूं-हूं चाललेलं. कोट चढवून तो दाराशी गेलासुद्धा.

"आ कर," इज्जा म्हणाली.

"हूं?"

"आ कर म्हणते ना!"

चव्वेचाळीस वर्षांच्या घोड्याने तोंड उघडलं. गालात बी.

"जिन्यात थुंकणार होतो," तो ओशाळून म्हणाला.

"जिन्यात कशाला? इथेच गिळायचीस. नखाएवढी तर आहे. कुणाला कळलं असतं?"

इद्दरने बी कोटाला पुसून खिशात टाकली. इज्जाला त्याचा राग आला, दयाही आली. दाराजवळच्या खिळ्यावरची गावच्या घराची किल्ली तिने काही काढून दिली नाही. शेवटी त्यानेच हात लांबवून काढली.

"दोनच आठवडे हं," तो म्हणाला. "आणि तुझ्या पुतण्याला आजच फोन लाव. शेळ्या दुसरीकडे बांध म्हणावं."