लवू, वय सव्वीस

खुर्ची घेऊन समोर बसणे : एक मार्क.

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, वळणावर, डंपर.

लवू, वय सव्वीस. असा कोणी नाही.

'मेला' हा शब्द टाळू नये. 'ते आता आपल्यात नाहीत' म्हटलं की मी अर्धा मार्क कापते.

निळी चप्पल, एकच. पिशवीत घालून चिठ्ठी लावलेली.

सरळ सांगते. मी नर्सिंगच्या मुलींना बोलायला शिकवते. वाईट बातमी कशी द्यायची याचं प्रात्यक्षिक असतं. त्यात पेशंटच्या आईचं काम आमच्या इस्पितळातली आया, मथुरामावशी, करते. चार वर्षं करतेय. पोरगा मेल्याचं ऐकून अशी कोसळते की मुली खरंच रडतात. तिची अट एकच : मेलेल्याचं नाव लवू. तिच्या घरातलं नाव या खेळात कोणी घ्यायचं नाही.

तिच्या मुलाचं नाव सदू. डंपरखाली आला तो सदू.

डॉक्टर दुसऱ्या जखमीत अडकले होते. म्हणाले, "तुम्हीच सांगा मॅडम, तुमचा विषय आहे." एकटीने जायचं धाडस होईना, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या स्वप्नाला बरोबर नेलं. तिच्या हातात मार्कांची वही होती. तिथेच चुकलं.

मावशी चादरींच्या घड्या घालत होती. वही बघून हसली.

"आज हितंच परीक्षा? आणि मॅडम स्वतः?"

"मावशी, बसा."

"आधी तुम्ही बसा. खुर्ची कुठाय? गेला तुमचा एक मार्क. लिही गो स्वप्ना."

मी फरशीवरच बसले. तिला खाली ओढून तिचा हात धरला.

"हात बरा धरलात. पण फार घट्ट. पोरी बघतात, मॅडम."

"अपघात झालाय. तुमचा मुलगा..."

"लवू."

"हा खेळ नाही, मावशी."

"त्या देवरूखच्या पोरीनं पण असंच म्हटलेलं. खरं वाटतं. पुढं?"

मी शिकवलेलं सगळं मी करत होते, आणि त्यातलं काहीच तिला नवं नव्हतं. स्वप्नाला रडू फुटलं. "तू कशाला गो," मावशी म्हणाली, "रडायचं काम माजं." तिने पदर डोळ्यांना लावला आणि हुंदका काढला. लवूसाठी. नेहमीसारखा, बिनचूक.

मी तिचा पदर डोळ्यांवरून बाजूला केला.

"सदू मेला, मावशी. सदू."

हुंदका अर्ध्यावर थांबला. तिने माझ्या थोबाडीत मारली.

"पोराचं नाव घेतलंत? नाय घ्यायचं ठरलंय ना आपलं?"

मी माफी मागितली नाही. ती वाट बघत राहिली. मग स्वप्नाकडे बघितलं, मग वहीकडे. वहीत एक अक्षर नव्हतं.

तिने माझे दोन्ही खांदे धरले.

"परत सांगा. लवू म्हणा. मॅडम, पाया पडते, लवू म्हणा."

सदूला आणलं तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मावशी वरच्या मजल्यावर, माझ्या वर्गात, लवूसाठी रडत होती.