माझी जागा कोणी खाल्ली?

मित्रांनो, जुना संगणक आहे मी. माझ्या कळफलकावरची अर्धी अक्षरे हिल्काच्या बोटांनी झिजली आहेत आणि माझा पंखा आता म्हाताऱ्यासारखा घरघरतो. तरी जे घडले ते मला नीट आठवते.

माझे सुटे भाग निरनिराळ्या देशांत घडले. कामाला मात्र मी लागलो तो फिनलंडमधल्या हाउकिओया गावात, सभागृहाच्या मागच्या खोलीत. हिल्का ही तिथली निवृत्त शिक्षिका. गावातल्या वृद्धांच्या आठवणी ती त्यांच्याच आवाजात माझ्यात साठवायची. मंगळवारी ओइवा यायचा. तो पूर्वी पोस्टमन होता आणि आता शिकारमंडळाचे काम बघायचा. मूस नावाच्या थोराड हरणांचे फोटो आणि व्हिडिओ तो माझ्यात ठेवायचा. दोघे लहानपणी एकाच वर्गात होते. नऊ वर्षे दोघांनी मला जपले, पुसले, वाखाणले.

मग एका ऑक्टोबरात एक अपडेट आला. तो सदोष होता. आपले सगळे सामान माझ्यात उतरवायचा, अर्ध्यावर अडखळायचा आणि पसारा न आवरता तसाच एका आडबाजूच्या कोपऱ्यात टाकून द्यायचा. दुसऱ्या दिवशी मला सुरू केले की पुन्हा तेच. मला तोंड नाही. ‘डिस्कवर जागा कमी आहे’ एवढेच मी पडद्यावर दाखवू शकत होतो.

हिल्काने ते वाचले तो दिवस नेमका बुधवार होता.

तिने फोन लावला. “ओइवा, काल काय भरलंस रे ह्यात?”

“दोन मुसांचे फोटो. का गं?”

“दोन मुसांनी एवढी जागा खाल्ली?”

“मूस मोठाच असतो, हिल्का.”

ती हसली नाही. त्या दिवसापासून तिने एक वही केली. कोण कधी आले, जाताना किती जागा उरली, सगळे त्यात लिहू लागली. पुढच्या मंगळवारी ती वही ओइवाच्या हाती लागली.

“चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली मी,” तो म्हणाला. “एक पाकीट उघडलं नाही. आणि तू माझ्यावर पाळत ठेवतेस?”

“मग वहीला घाबरतोस कशाला?”

कॉफी तशीच टाकून तो निघून गेला. हिल्काने माझा पासवर्ड बदलला. तरी जागा घटतच राहिली. नवा पासवर्डही याने ओळखला असणार आणि खोलीची दुसरी किल्ली याच्याकडे असणार, असे तिच्या मनाने घेतले. संध्याकाळी जाताना ती दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवू लागली. सकाळी कपटा जागच्या जागी असायचा. मग तिने खिडकीखालच्या बर्फात पावलांचे ठसे शोधले. बर्फ सपाट होता. मित्रांनो, तरीही तिला वाटले ते एवढेच, की हा माणूस आपल्या कल्पनेपेक्षा हुशार आहे.

एके दिवशी एक्क्याण्णव वर्षांच्या आजीबाई तिच्यासमोर बसून बोलत होत्या आणि मी मध्येच थांबलो. जागाच नव्हती. हिल्काचा राग अनावर झाला. तिने ओइवाचे अकराच्या अकरा व्हिडिओ पुसून टाकले, कचरापेटीही रिकामी केली.

पुसलेली गोष्ट माझ्यातून लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, एवढेच. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती खाली शाबूत असते. पण दुसऱ्या सकाळी अपडेट पुन्हा आला आणि त्याच जागेवर आपला पसारा मांडू लागला.

तीन दिवसांत मोकळ्या झालेल्या जागेतली पाव जागा पुन्हा भरली. आता दोष द्यायला ओइवाचा एकही व्हिडिओ माझ्यात उरला नव्हता. हिल्काने तालुक्याच्या गावाहून मेर्वीला बोलावले. मेर्वी संगणक दुरुस्त करते.

मेर्वीने ‘कोणी केलं’ असे विचारलेच नाही. ‘कधीपासून’ असे विचारले. मग तिने माझ्यातल्या फायली आकाराने लावल्या, सगळ्यांत मोठी वर.

“हिल्काबाई, चोर ह्याच्या पोटातच बसलाय,” ती म्हणाली. “ऑक्टोबरचा अपडेट. रोज येतो, आपटतो, घाण करून जातो.”

“म्हणजे ओइवा...”

“कोण ओइवा?”

हिल्काने वही मिटली.

मेर्वीने आधी तो अपडेट थांबवला. काहीही साफ करण्यापूर्वी माझी डिस्क काढून स्वतःच्या यंत्राला जोडली आणि पुसलेले व्हिडिओ शोधले. अकरातले आठ सापडले. मग तिने पसारा काढला आणि दुरुस्त केलेला नवा अपडेट बसवला. तोवर हिल्का स्वतः जाऊन ओइवाला घेऊन आली.

“तीन गेले,” ती उभ्यानेच म्हणाली. “मी पुसले. मला वाटलं, तूच जागा खातोस.”

“कुठले तीन?”

तिने नावे वाचली. तिसऱ्या नावाला ओइवा खुर्चीत बसला.

“त्यात रेकू होता,” तो म्हणाला. रेकू त्याचा कुत्रा, वसंतात गेलेला. “मुसाला अडवून धरतो आणि भुंकतो. तेवढंच आहे त्यात.”

हिल्काने हळूच विचारले, “कसा भुंकायचा?”

ही थट्टा करते आहे का, हे ओइवाने तिच्या चेहऱ्यावर तपासून पाहिले. मग हनुवटी वर करून तो भुंकला. मध्ये थोडे थांबून, तीनदा. सभागृह घुमले. मेर्वीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

हिल्का हसली नाही. “पुन्हा,” ती म्हणाली. आणि तो पुन्हा भुंकला.

मित्रांनो, आता माझ्यातल्या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, ओइवाच्या घरी असते. तुम्हीही तशी ठेवा. रागाच्या भरात दुसऱ्याचे काही पुसू नका. नवा अपडेट आला की हिल्का आणि ओइवा शेजारी खुर्च्या ओढून प्रत्येक ओळ वाचतात आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. जागा घटली, तर संशय पहिल्यांदा माझ्यावरच घ्या. मला उघडून बघता येते. माणसाला येत नाही.